नागपूरचे डॉक्टर, येनानची सुई आणि आपली कंबर



कापसाची वेचणी सरत आली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत कंबर आणि गुडघे सगळ्यांत पुढे असतात. दिवसभर वाकून वेचायचे, ओटीत भरायचे, घरी येऊन पुन्हा चुलीपुढे वाकायचे, कंबर बोलणारच. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न येतो. शहरात सुया टोचून दुखणे घालवतात म्हणे, ते खरे का? पैसे घालवावेत का? हो किंवा नाही असे एका शब्दात सांगता येईल असे हे उत्तर नाही. ही सुई आपल्यापर्यंत कशी पोचली ते ऐकलेत, तर तिच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही हे आपोआप कळेल. आणि या गोष्टीत आपला विदर्भही आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

ॲक्युपंक्चर हा चीनचा जुना उपचार. त्याचे नियम सांगणारा तिकडचा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते, वाट अडली की दुखणे येते, आणि त्या वाटांवरच्या साडेतीनशेहून अधिक बिंदूंपैकी नेमक्या बिंदूंवर केसासारखी बारीक सुई टोचली की वाट मोकळी होते, अशी ती कल्पना. सुईच्या जोडीला तिकडे झाडपाल्याची औषधे आहेत, बिंदूंवर वाळलेल्या पाल्याची धुनी देणे आहे आणि तुंबडी लावणेही आहे. तुंबडी तर आपल्या म्हाताऱ्या माणसांनी वैदू लोकांकडून लावून घेतलेलीच आहे. धुनीचा तो पाला म्हणजे आपल्या नागदवण्याचा सख्खा भाऊ. काही जण सांगतात की आपले कान टोचणे म्हणजेच ॲक्युपंक्चर, सगळे इथूनच तिकडे गेले. आम्हाला ते पटत नाही. सुश्रुताने शिरावेध सांगितला, पण तो रक्त काढण्याचा उपचार होता. कान आपण डूल घालायला टोचतो. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची म्हणायला काय हरकत आहे?

आता गंमत पाहा. ही सुई चीनमध्ये कायम डोक्यावर घेतलेली होती असे मुळीच नाही. १८२२ साली तिथल्या बादशहाने राजवैद्यांच्या शाळेतून तिला काढून टाकले. राजाच्या अंगात सुया खुपसणे शोभत नाही, हे कारण. पुढे १९२९ मध्ये तिथल्या नव्या सरकारपुढे सगळे देशी वैद्यकच बंद करावे असा ठराव आला. वैद्य रस्त्यावर उतरले म्हणून तो मागे पडला. तरी शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या लेखी सुई ही खेडवळ लोकांची गोष्टच राहिली.

याच काळात जपानने चीनवर स्वारी केली. १९३७ च्या अखेरीस चीनचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून औषधे आणि डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होणार होते. पुढच्या वर्षी त्यांनी देशाला आवाहन केले, ठिकठिकाणी चीनसाठी वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर. पाचांत वयाने सर्वांत मोठे चोळकर. नातवंडे खेळवायच्या वयात त्यांनी परक्या देशातल्या लढाईची वाट धरली. त्यांचे नाव आज नागपुरातही फारसे कोणी घेत नाही, म्हणून आम्ही इथे मुद्दाम घेतो.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. डोंगरात कोरलेल्या गुहा हेच तिथले दवाखाने. पुढे चोळकर आणि मुखर्जी परतले, नंतर अटलही परतले. कोटणीस आणि बसू राहिले. १९४१ मध्ये कोटणीस तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस फेफऱ्याच्या झटक्याने तिथेच गेले. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे. व्ही. शांताराम यांनी या कथेवर काढलेला सिनेमा जुन्या माणसांना आठवत असेल.

पुष्कळ ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांतून कोटणीसांची तसबीर टांगलेली असते. मान म्हणून ते ठीक. पण कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, जखमी सैनिकांच्या गोळ्या काढत होते. सुई त्यांनी भारतात आणली नाही, ते तर परत आलेच नाहीत. सुईची गोष्ट त्यांच्या मागून सुरू होते, आणि ती एका बाईची गोष्ट आहे.

तिचे नाव झू लियन. प्रसूतीचे शिक्षण आधुनिक पद्धतीने घेतलेली, लढाईत सैन्याबरोबर येनानला आलेली डॉक्टर. येनानला चारी बाजूंनी वेढा होता. भूल द्यायला औषध नाही, ताप उतरवायला गोळी नाही. १९४४ च्या सुमारास रेन झुओतियान नावाचे एक वयस्कर वैद्य पुढे आले आणि म्हणाले, मला तीस वर्षांचा सुईचा अनुभव आहे, शिकायचे असेल त्यांना शिकवतो. शिकलेले डॉक्टर हसण्यावारी नेतील अशीच ही गोष्ट. झू लियन मात्र शिकली. सुई आणि काड्या सगळीकडे मिळतात, ओझे नाही, पैसा नाही, हे तिने ओळखले. पण जुन्या वैद्यांचे सगळे म्हणणे तिने डोळे मिटून घेतले नाही. ‘ची’च्या वाटांपेक्षा मज्जातंतूंवर सुईचा काय परिणाम होतो ते ती पाहू लागली, कोणते दुखणे थांबते, कोणते थांबत नाही, याच्या नोंदी ठेवू लागली. १९५१ साली तिचे नव्या ॲक्युपंक्चरवरचे पुस्तक आले. त्यात चार शब्द लिहून देणारे सेनापती होते तेच झू दे, ज्यांच्या पत्रावरून आपले चोळकर आणि कोटणीस निघाले होते. त्याच वर्षी बीजिंगमध्ये तिच्या पुढाकाराने सुईची तपासणी करणारी संस्था उभी राहिली. आज जगभर जी सुई दिसते ती मुख्यतः या तपासून घेतलेल्या सुईची लेक आहे.

या सगळ्या काळात चीन वर्ध्यापासून तितका लांब नव्हता. १९४२ च्या फेब्रुवारीत चीनचे प्रमुख चँग कै-शेक हिंदुस्थानात आले. गांधीजींना भेटायला वर्ध्याला यायची त्यांची इच्छा होती. इंग्रजांनी येऊ दिले नाही. शेवटी गांधीजीच कलकत्त्याला गेले आणि तिथे भेट झाली.

पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९४३ मध्ये परतले होते. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, सुई शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ॲक्युपंक्चर सुरू केले. भारतात ते इथून पसरले. गोरगरिबांसाठी स्वस्त उपचार हाच त्यांचा हेतू होता. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालयच उभे आहे. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये यासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे, आणि त्याप्रमाणे सुई टोचणाऱ्याची नोंदणी राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडे व्हावी लागते. म्हणजे दवाखान्यात गेल्यावर ‘तुमची नोंदणी दाखवा’ असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाईने असे विचारले की काहींना राग येतो. येऊ द्या.

आता मूळ प्रश्न. कंबर बरी होते का?

जर्मनीत या प्रश्नाचा मोठा शोध घेतला गेला, त्याचे निकाल २००७ मध्ये आले. कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चिनी शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी नुसत्या वरवर टोचल्या, पण त्यांना ते सांगितले नाही. तिसऱ्याला नेहमीचे औषध आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात १०० पैकी सुमारे ४८ जणांना चांगला आराम होता, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात फक्त २७ जणांना.

हे आकडे आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. सुईने आराम पडतो, नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त जणांना पडतो, हे त्यातून दिसते. पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यातूनच दिसते. म्हणजे ‘हा गुप्त बिंदू फक्त मलाच ठाऊक आहे’ असे सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला हात जोडावेत. गुडघ्याची झीज, मानदुखी, वरचेवर उठणारी अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांतही सुईने उतार पडल्याचे पुरावे आहेत. साखर, रक्तदाब, गाठ, वांझपण, लकवा ‘मुळापासून’ बरा करतो म्हणणाऱ्यांपाशी असा पुरावा नाही. त्यांच्या शब्दावर रोजची गोळी बंद करू नका. जर्मनीतल्या त्या रोग्यांना दहा बैठका दिल्या होत्या, प्रत्येकी अर्ध्या तासाची. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर पुढचे पैसे मुलांच्या वह्यांना लावा.

चिनी झाडपाल्याचेही असेच आहे. १९७१ मध्ये तू यूयू या बाईने सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी पुस्तकात हिवतापाचा उपाय वाचला. एक मूठभर झुडूप पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा, एवढाच. उकळायचे नाही, हे तिच्या लक्षात आले. तिने कमी उष्णतेवर अर्क काढला, आधी स्वतः घेऊन पाहिला, आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. ते झुडूपही दवण्याच्या कुळातले. २०१५ मध्ये तिला नोबेल मिळाले. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात मेंदूत चढणाऱ्या हिवतापावर आज जे औषध देतात ते याच झुडपाची देणगी. आणि दुसरी बाजू: १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतीच्या गोळ्या घेतलेल्या शंभराच्या आसपास रोग्यांची, बहुतेक सगळ्या बायकाच, मूत्रपिंडे निकामी झाली. वनस्पती होती, म्हणून कोणी तपासली नाही. बारीक होण्याच्या पुड्या आपल्या बाजारातही येतात, पाकिटावर चित्र फक्त सुंदर बाईचे असते.

सुई टोचून घेणार असाल तर ती बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली आणि एकदाच वापरायची असावी. पोटात मूल असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आणि एक गोष्ट, जी वर्ध्याच्या बायकांना आम्ही जास्त जोर देऊन सांगतो. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चट्ट्यावर टोचले तरी कळत नाही, अशा तक्रारी घेऊन सुईवाल्याकडे आधी जाऊ नका. ही साखरेची खूण असू शकते, कुष्ठरोगाचीही असू शकते. तोंड लपवण्यासारखे यात काही नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी काढले. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतःच्या हाताने धूत. आजची बहुऔषधी गोळ्यांची पद्धत देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत आपला जिल्हा होता. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. वेळेत सुरू केल्या तर बोटे वाकडी होत नाहीत. गावातल्या आशाताईला चट्टा दाखवा. ती पुढे कुठे जायचे ते सांगेल. कंबरेच्या सुईचे त्यानंतर पाहू.