सेलिब्रिटी मास्टरशेफ (भारत)

सेलिब्रिटी मास्टरशेफ ही २०२५ साली सोनी एंटरटेनमेंट टेलिव्हिजन या वाहिनीवर प्रसारित झालेली हिंदी पाककला स्पर्धा आहे. २७ जानेवारीला सुरू झालेल्या या स्पर्धेची अंतिम फेरी ११ एप्रिलला दाखवण्यात आली. विकास खन्ना व रणवीर ब्रार हे परीक्षक होते, तर सूत्रसंचालन फराह खान यांनी केले. अभिनेते गौरव खन्ना विजेते ठरले.

पार्श्वभूमी

मूळ 'मास्टरशेफ' ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९९० साली सुरू झाली. नामवंतांना तापलेल्या भटारखान्यात उभे करण्याची कल्पनाही तिथलीच. २००४ सालच्या 'हेल्स किचन'मध्ये गॉर्डन रॅमसी यांच्या धाकाखाली दहा प्रसिद्ध व्यक्तींनी उपाहारगृहातील पाहुण्यांसाठी रांधले होते. भारतीय मास्टरशेफ २०१० साली आली आणि तिच्या पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शाळाशिक्षिका होत्या. मराठीत 'किचन कल्लाकार' (झी मराठी, २०२१) या कार्यक्रमात कलावंतांच्या स्वयंपाकाची तारांबळ दिसली, परंतु तिचा सूर खेळकर होता. परभणीचे संकर्षण कऱ्हाडे त्याचे सूत्रसंचालक होते.

स्वरूप

प्रत्येक फेरीत साहित्य, विषय आणि वेळ ठरवून दिली जाई. घड्याळ थांबताच हात वर करावे लागत. ताटलीत वाढायचे राहिलेला पदार्थ कितीही रुचकर असला तरी तो जमेस धरला जात नसे. प्रेक्षकाला चव घेता येत नसल्याने त्याला निकाल परीक्षकांच्या चेहऱ्यावरून आणि ताटलीच्या सजावटीवरूनच ताडावा लागतो, ही अशा सर्वच स्पर्धांची अंगभूत मर्यादा होय. विजेते खन्ना यांनी आपल्याला रंगांधत्व असल्याचे याच कार्यक्रमात सांगितले. कांदा गुलाबी झाला की नाही, हे डोळ्यांनीच ठरवण्याची रीत असलेल्या पाकशास्त्रात ही अडचण लहान नव्हे. अभिनेत्री दीपिका कक्कर यांना हाताच्या दुखापतीमुळे स्पर्धा मध्येच सोडावी लागली.

मराठी स्पर्धक

स्पर्धकांत मराठी नावे ठळक होती. उषा नाडकर्णी (जन्म १९४६) या सर्वांत ज्येष्ठ. मूठ-चिमटीच्या अंदाजाने स्वयंपाक करणाऱ्या पिढीतील या अभिनेत्रीला मिनिटे मोजून, पाश्चात्त्य धर्तीची सजावट करून पदार्थ मांडावे लागले. त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या नाहीत. तथापि त्या वयात इतके आठवडे त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, ही बाब निकालाच्या तक्त्यात दिसत नाही. 'इंडियन आयडॉल'चे पहिले विजेते (२००५) अभिजीत सावंत यांना मात्र लवकर बाहेर पडावे लागले.

मराठवाड्याच्या दृष्टीने उल्लेखनीय नाव निक्की तांबोळी यांचे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे जन्मलेल्या तांबोळी यांनी दुसरा क्रमांक मिळवला. त्याआधी, २०२४ मध्ये, त्या व सावंत 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात एकत्र होते. त्या पर्वाचे सूत्रसंचालक रितेश देशमुख हे लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील. तेथे भांडणांमुळे गाजलेल्या तांबोळी यांची ओळख येथे हाताच्या कसबामुळे झाली. तिसरा क्रमांक तेजस्वी प्रकाश (वायंगणकर) यांना मिळाला. म्हणजे पहिल्या तिघांत दोघी मराठी होत्या.

अंतिम पाच स्पर्धकांत फैसल शेख व राजीव अदातिया हेही होते. पाककृतींच्या यूट्यूब वाहिनीमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या कबिता सिंह यांना तिथवर पोहोचता आले नाही.