तापलेला अ‍ॅम्प्लिफायर : व्हॉल्व्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत

रामनवमीच्या सुमारास मराठवाड्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावी याच दिवसांत उत्सव भरतो. इतर गावांतही सप्ते, जत्रा आणि लग्नसराई सुरू असते. सगळीकडे कर्णे लागतात आणि तापून बंद पडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागतात. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात बिनतक्रार चाललेला शाळेचा संच चैत्रात का दगा देतो? याचे उत्तर ध्वनिवर्धकाच्या इतिहासात सापडते.

ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नलिका, म्हणजे आपल्या बोलीतला व्हॉल्व्ह, तयार केली. १९१२ च्या सुमारास तिचा उपयोग क्षीण विद्युतसंदेश मोठा करण्यासाठी होऊ लागला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे सुमारे ५० हजार श्रोत्यांपुढे भाषण केले, ते व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळेच. आपल्याकडे १९३० च्या दशकात मुंबईच्या मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिवर्धक काँग्रेसच्या अधिवेशनांतून ऐकू येऊ लागले.

व्हॉल्व्हला उष्णता हवीच असते. आतील ऋणाग्र लालबुंद झाल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. पुढे फार लोकप्रिय झालेल्या ईएल ३४ या व्हॉल्व्हची तार ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे वक्ता गप्प बसला तरी एकेका नळीत साडेनऊ वॅट खर्च होतात. शिवाय धनाग्रावर आदळणारे इलेक्ट्रॉन उष्णता निर्माण करतात ती वेगळीच. नळीत हवा नसल्याने ही उष्णता प्रामुख्याने प्रारणानेच बाहेर पडते. वस्तू जितकी तप्त, तितके प्रारण झपाट्याने वाढते. धनाग्र शेकडो अंशांवर सुखाने राहत असल्यामुळे बाहेरची हवा २५ अंश आहे की ४३, याचे त्याला फारसे सोयरसुतक नसते.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि हे गणित उलटले. तापवण्याची तार गेली, संच हलका झाला, गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही सहज चालू लागला. मात्र ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर ९० अंशांच्या आसपासच हात टेकत. १९५४ मध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजारात आले आणि १९६० च्या दशकात २एन ३०५५ सारखे दणकट शक्ति-ट्रान्झिस्टर मिळू लागले. त्याच्या आतील चकतीची मर्यादा २०० अंश आहे.

एवढ्या तापमानाला प्रारण पुरेसे पडत नाही. म्हणून उष्णतेला वाट करून द्यावी लागते. ती आतील चकतीतून धातूच्या टोपीत, टोपीतून अभ्रकाच्या पातळ चकतीवाटे अ‍ॅल्युमिनिअमच्या हीटसिंकमध्ये वहनाने जाते आणि तेथून प्रामुख्याने अभिसरणाने हवेत मिसळते. विजेच्या रोधासारखाच येथे उष्णतारोध असतो. एक वॅट उष्णता वाहण्यासाठी तापमानात किती अंशांचा फरक पडावा लागतो, तो हा आकडा.

सोयीसाठी ५० वॅटचा, दोन ट्रान्झिस्टरचा संच घेऊ. ब वर्गाच्या जोडणीत ट्रान्झिस्टरमध्ये जास्तीत जास्त उष्णता निघते ती कमाल शक्तीच्या सुमारे ४० टक्के. म्हणजे येथे २० वॅट, प्रत्येकी १०. टोपीपर्यंतचा रोध दीड, पेस्ट लावलेल्या अभ्रकाचा अर्धा आणि लहानशा हीटसिंकचा सहा अंश धरला, तर एकूण आठ होतो. ४३ अंशांच्या हवेत चकती १२३ अंशांवर राहील. धोका नाही. आता कोणी ८ ओहमच्या कर्ण्याला समांतर दुसरा तसाच कर्णा जोडला. भार ४ ओहम झाला, प्रवाह दुप्पट झाला आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये २० वॅट निघू लागले. हवेपेक्षा चकती १६० अंशांनी तापणार. डिसेंबरच्या २५ अंशांत ती १८५ वर थांबेल आणि संच वाचेल. चैत्रात ती २०३ वर जाईल. जोडणीतली चूक दोन्ही वेळा तीच होती. हिवाळ्याने ती झाकली, एवढेच.

यात एका दुष्टचक्राची भर पडते. सिलिकॉन ट्रान्झिस्टर एक अंश तापला की त्याला चालू करण्यास लागणारा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. बाहेरून दिलेला दाब तेवढाच राहिला तर प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, तिने पुन्हा प्रवाह. यावर अभियंत्यांनी सुंदर तोड काढली. बायस ठरवणारा डायोड किंवा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच चिकटवायचा, म्हणजे तोही तापतो आणि दाब आपोआप उतरवतो. दुरुस्तीत तो सुटून हवेत लोंबकळत राहिला, तर संच घटकाभर छान वाजतो आणि मग जळतो.

आम्ही व्याख्यानांसाठी शाळांतून फिरतो, तेव्हा एकच ट्रान्झिस्टर तीन-तीनदा बदललेले संच पाहायला मिळतात. दर वेळी पैसे शाळेच्या तुटपुंज्या निधीतून जातात. जळालेला ट्रान्झिस्टर बहुधा परिणाम असतो. कारण शोधण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम कर्णे काढून, आवाजाचे बटण शून्यावर ठेवून संच चालू करावा. तसाही तो तापत असेल तर बायस बिघडला आहे, किंवा कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेची आंदोलने आत सुरू आहेत. उत्सर्जकाजवळच्या ०.३३ ओहमच्या रोधावर १० मिलिव्होल्ट दिसले, तर ओहमच्या नियमाने प्रवाह ३० मिलिअँपिअर असतो. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर रोग सापडला. मोकळा संच थंड आणि वाजताना तापत असेल, तर कर्ण्यांचा एकूण रोध, सुकलेली पेस्ट, धुळीने बुजलेली जाळी आणि उन्हात ठेवलेली पेटी तपासावी. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना वाटेत १०० वॅटचा दिवा एकसरीत जोडण्याची मेकॅनिकची जुनी युक्ती उत्तम आहे. दिवा लख्ख पेटून राहिला तर आत दोष शिल्लक आहे. उघड्या संचावरचे हे काम जाणत्या माणसानेच करावे. वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर काही काळ भारित राहतात.

आज मिळणारे ड वर्गाचे संच ट्रान्झिस्टर वेगाने पूर्ण चालू आणि पूर्ण बंद करतात. त्यामुळे जवळजवळ नऊ-दशांश शक्ती कर्ण्याकडे जाते आणि उष्णता थोडीच उरते. तरीही शाळेच्या कपाटातला जुना संच टाकून देऊ नये. वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवताना काढून ठेवलेली हीटसिंक आणि एखादा जुना व्हॉल्व्ह वर्गात न्यावा. काळ्या पंखांची पट्टी उभी का बसवतात आणि व्हॉल्व्हला पंख का लागत नाहीत, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावेत.