म्हैसूरचा क्रिकेट-संघ : पराभव आणि पुनर्घडण

खेळाचा संघ हा नावाने एक असला, तरी माणसांनी नेहमीच बदलत असतो. महाविद्यालयाच्या संघाचे तर आयुष्यच तीनचार वर्षांचे. मुलगा मैदानावर रुळतो न रुळतो तोच परीक्षा संपते, पदवी हाती पडते, आणि तो नोकरीच्या शोधात निघून जातो. त्याच्या जागी नवखा मुलगा येतो. गेल्या वर्षी चषक मिरवणारा संघ यंदा पहिल्याच फेरीत घरी परततो. अशा वेळी प्रेक्षक हळहळतात, वडीलधारी माणसे जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, आणि नव्या मुलांच्या माथी नसता दोष येतो. पराभूत संघ पुन्हा उभा राहतो तो कसा, नव्या खेळाडूंना किती अवधी द्यावा लागतो आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागते, हा प्रश्न शाळा-महाविद्यालयांइतकाच एखाद्या प्रांतालाही लागू पडतो. म्हैसूरच्या क्रिकेटचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मराठी माणसाला तो विशेष जवळचा वाटावा, कारण म्हैसूरला धडा शिकविण्याचे काम बहुतेक वेळा मुंबईनेच केले.

या इतिहासाचा आरंभच पराभवाने होतो. म्हैसूरची क्रिकेट संघटना १९३३ साली स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९३४ रोजी, मद्रासच्या चेपॉक मैदानावर तिचा संघ मद्रासविरुद्ध उतरला. रणजी करंडकाच्या इतिहासातील हा पहिला सामना होय. म्हैसूरचा पहिला डाव ४८ धावांत आटोपला. मद्रासने १३० धावा केल्या. दुसऱ्या डावात म्हैसूरला ५९ धावांपलीकडे जाता आले नाही. ए. जी. राम सिंग यांनी दोन्ही डावांत मिळून ३५ धावांत ११ बळी घेतले आणि सामना त्याच दिवशी निकाली निघाला. एक डाव आणि २३ धावांनी झालेला हा पराभव एखाद्या नव्या संघटनेचा धीर खचविण्यास पुरेसा होता.

सात वर्षांनी, १९४१-४२ च्या हंगामात, हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, ही त्या काळातील मोठीच मजल म्हटली पाहिजे. परंतु समोर मुंबई होती. ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबईने एक डाव आणि २८१ धावांनी विजय मिळविला. पुन्हा अठरा वर्षे गेली. १९५९-६० साली म्हैसूरचा संघ त्याच मैदानावर अंतिम सामना खेळावयास आला, आणि या वेळीही मुंबईने डावाने बाजी मारली. फरक एक डाव आणि २२ धावांचा होता.

मुंबईचे हे सामर्थ्य कोठून येत होते? एकदोन थोर फलंदाजांच्या नावाने त्याचा उलगडा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली शालेय ढाल-स्पर्धा, १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, कचेऱ्यांचे आणि क्लबांचे सामने, आणि १९३५-३६ पासून सुरू झालेल्या आंतरविद्यापीठीय रोहिंटन बारिया चषकासाठी दरवर्षी सिद्ध होणारा विद्यापीठाचा संघ, अशी ही पायऱ्यांची लांबलचक रांग होती. दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, सुनील गावसकर हे सारे विद्यापीठाच्या पायरीवरून वर आले. एक निवृत्त झाला की त्याची जागा घेणारा दुसरा आधीच खालच्या पायरीवर उभा असे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक आपल्याकडे ठेवला, त्यामागे ही व्यवस्था होती.

म्हैसूरला मुंबईशी बरोबरी साधावयाची तर आपल्या गावांतून आणि महाविद्यालयांतून अशीच माणसे काढणे भाग होते. या ठिकाणी आपली दृष्टी म्हैसूर शहराकडे वळते. संस्थानचा कारभार बंगळूरहून चाले. पण राजवाडा, दसरा आणि विद्या यांचे पीठ म्हैसूरच होते. तेथील विद्यापीठ १९१६ साली स्थापन झाले. १९४६ साली त्या शहरात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग ही संस्था निघाली, आणि तिच्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे एरापल्ली प्रसन्ना हे नाव आले.

१९५९-६० च्या पराभवानंतर जी नवी माणसे म्हैसूरच्या संघात आली, त्यांत प्रसन्ना हे अग्रणी होत. १९६१-६२ च्या हंगामात ते प्रथम रणजी सामन्यांत उतरले, आणि जानेवारी १९६२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध त्यांना कसोटी सामन्यात स्थानही मिळाले. लगेच वेस्ट इंडीजचा दौरा आला. मुलाने शिक्षण अर्धवट टाकून परदेशी जावे हे वडिलांना रुचत नव्हते. परत येऊन पदवी पुरी करीन, असे वचन देऊनच प्रसन्नांना जाता आले. दौरा संपवून ते परतले तेव्हा वडील हयात नव्हते. बावीस वर्षांच्या त्या तरुणाने दिलेला शब्द पाळला. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला, आणि त्यांचा पुढचा कसोटी सामना थेट जानेवारी १९६७ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी, खेळला गेला.

गोलंदाजाच्या उमेदीच्या वयातील ती पाच वर्षे होती. आज एखाद्या खेळाडूने असा निर्णय घेतला तर त्यास कोणी शहाणा म्हणेल की नाही, याची शंका वाटते. परंतु त्या काळातील मध्यमवर्गीय घरात क्रिकेटने पोट भरत नसे, हे सर्वांनाच ठाऊक होते. प्रसन्ना परत आले ते अधिक जाणते होऊन. पहिल्या वीस कसोटी सामन्यांतच त्यांनी शंभर बळींचा टप्पा गाठला. एकूण ४९ सामन्यांत १८९ बळी मिळविले. एखाद्या खेळाडूची वाट पाहण्याची तयारी असेल तर संघाला त्याचे फळ कसे मिळते, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्यांच्यामागून आणखी तरुण आले. भागवत चंद्रशेखर यांचा जन्म म्हैसूरचाच. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा हात कायमचा दुबळा केला, आणि त्याच हाताने त्यांनी वेगवान फिरकीचे विलक्षण शस्त्र घडविले. १९६३-६४ च्या हंगामात ते म्हैसूरकडून प्रथम खेळले आणि त्याच हंगामात, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईला इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरले. भद्रावतीचे गुंडप्पा विश्वनाथ १९६७-६८ मध्ये आंध्रविरुद्ध आपल्या पहिल्याच रणजी सामन्यात २३० धावा करून गेले. दोन वर्षांनी कानपूरच्या पहिल्या कसोटीत त्यांनी एका डावात शून्य आणि दुसऱ्या डावात १३७ धावा केल्या. यष्टिरक्षक सय्यद किरमाणी आणि फलंदाज ब्रिजेश पटेल हेही याच काळात संघात स्थिरावले. ही सारी मंडळी एकाच वर्षी आलेली नाहीत. १९६१ पासून १९७० पर्यंत एकेक करून ती आली, आणि या दशकात करंडक मात्र दरवर्षी मुंबईतच राहिला. बाहेरून पाहणाऱ्यास म्हैसूर आहे तेथेच आहे, असे वाटले असेल.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्याच हंगामात, मार्च १९७४ मध्ये, बंगळूरला उपांत्य सामन्यात मुंबई आणि कर्नाटक समोरासमोर आले. प्रसन्ना कर्नाटकाचे कर्णधार होते. विश्वनाथ यांच्या १६२ आणि पटेल यांच्या १०६ धावांच्या बळावर कर्नाटकाने पहिल्या डावात ३८५ धावा केल्या. मुंबईच्या डावात प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडविला. वाडेकर ६२ धावांवर धावचीत झाले, आणि मुंबईचा डाव ३०७ वर संपला. पहिल्या डावातील ७८ धावांच्या आघाडीने पंधरा वर्षांचे साम्राज्य संपुष्टात आले. त्यानंतर जयपूरच्या अंतिम सामन्यात राजस्थानला १८५ धावांनी हरवून कर्नाटकाने करंडक प्रथमच जिंकला. १९३४ च्या त्या एकदिवशी पराभवापासून मोजले तर मध्ये चाळीस वर्षे गेली होती.

येथे कथा संपली असती तर ती फार सोपी झाली असती. पुढल्याच वर्षी, १९७४-७५ मध्ये, अंतिम सामन्यात मुंबईने कर्नाटकाला सात गडी राखून हरविले. हरण्याची पाळी आली म्हणजे मुंबईलाही आपला संघ पुन्हा जुळवावा लागला, आणि तिने तो एका वर्षात जुळविला. पायऱ्या शाबूत असल्या की पडझड लवकर भरून निघते, हे यातून दिसते.

म्हैसूर शहराचा या परंपरेशी असलेला संबंध पुढेही तुटला नाही. तेथीलच श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात जवागल श्रीनाथ हा उंचापुरा विद्यार्थी वेगवान गोलंदाजी करीत असे. एका क्लब-सामन्यात त्याला हेरले ते विश्वनाथ यांनी. १९८९-९० साली हैदराबादविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात श्रीनाथ यांनी त्रिक्रम केला, आणि पुढे कसोटीत २३६ बळी मिळविले. निवृत्त खेळाडूने क्लबाच्या मैदानावर नवखे पोर ओळखावे, ही गोष्ट दिसावयास लहान आहे. परंतु संघाचे सातत्य अशाच लहान गोष्टींवर टिकते.

जानेवारी २०१० मध्ये तर रणजी करंडकाचा अंतिम सामनाच म्हैसूरला, मानसगंगोत्रीच्या परिसरातील गंगोत्री ग्लेड्स मैदानावर झाला. प्रतिपक्षी अर्थातच मुंबई. मुंबईने २३३ धावा केल्या; कर्नाटक १३० धावांत बाद झाले. मुंबईच्या दुसऱ्या डावात २३४ धावा झाल्या, आणि कर्नाटकापुढे ३३८ धावांचे लक्ष्य उभे राहिले. वीस वर्षांच्या मनीष पांडे यांनी १४४ धावा करून ते आवाक्यात आणले. ते बाद झाल्यावर मात्र डाव ढासळला आणि ३३१ वर थांबला. अवघ्या सहा धावांनी मुंबई विजयी झाली. आपल्याच गावी, आपल्याच प्रेक्षकांसमोर झालेला हा पराभव १९४२ च्या डावाच्या पराभवापेक्षा अधिक जिव्हारी लागला असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य संघटनेचा कारभार अनिल कुंबळे आणि श्रीनाथ यांच्याकडे आला. संघात विनय कुमार, अभिमन्यु मिथुन आणि पांडे हे कायम राहिले. २०१०-११ मध्ये के. एल. राहुल आले, २०१३-१४ मध्ये करुण नायर आले. चार वर्षांनी, २०१४ च्या जानेवारीत, कर्नाटकाने उपांत्यपूर्व फेरीत उत्तर प्रदेशला हरविले. अंतिम सामना हैदराबादला महाराष्ट्राशी होता. महाराष्ट्राचा संघही १९९२-९३ नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोचलेला होता. तो सामना कर्नाटकाने सात गडी राखून जिंकला. राहुल यांनी त्यात १३१ धावा केल्या. पुढच्या वर्षी मुंबईच्याच वानखेडे मैदानावर करुण नायर यांनी अंतिम सामन्यात ३२८ धावा केल्या, आणि तामिळनाडूवर एक डाव आणि २१७ धावांनी विजय मिळवून करंडक राखला.

पुनर्घडणीची ही एकच वाट आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. याच सुमारास राजस्थानने निराळा मार्ग चोखाळला. परप्रांतातील अनुभवी खेळाडू त्यांनी पाचारण केले, आणि पुण्याचे हृषीकेश कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली, कनिष्ठ गटातून सुरुवात करून, २०१०-११ आणि २०११-१२ अशी सलग दोन वर्षे करंडक पटकाविला. पण तेथेही, त्या पहिल्या वर्षी, दीपक चहर या अठरा वर्षांच्या स्थानिक मुलाने पदार्पणात १० धावांत ८ बळी घेऊन हैदराबादला २१ धावांत गारद केले होते. पाहुण्यांनी शिस्त आणली, धीर दिला. तिचा लाभ घेणारे तरुण मात्र घरचेच होते. बाहेरून आलेला जाणता आणि घरचा नवखा यांची अशी जोड बसली तर हा मार्गही फलदायी ठरतो. घरची पायरीच नसेल, तर पाहुणे परत गेल्यावर मागे काही उरत नाही.

म्हैसूरच्या या ऐंशी वर्षांच्या कथेतून महाविद्यालयांच्या क्रीडाप्रमुखांनी एवढेच घ्यावे. पराभवाच्या वर्षी जो मुलगा प्रथम मैदानात उतरतो, त्याची किंमत त्या वर्षीच्या निकालावरून ठरवू नये. विश्वनाथ यांच्या नावावर पहिल्या कसोटी डावात शून्य होते, आणि प्रसन्ना तर पाच वर्षे कसोटीपासून दूर होते. जुन्या खेळाडूंनी आपली जागा सोडताना मैदान सोडू नये. नव्यांच्या सरावाला येऊन उभे राहावे, श्रीनाथना जसे विश्वनाथ भेटले तसे कोणालातरी भेटावे. आणि अभ्यास व खेळ यांपैकी एकाचा बळी देण्याची पाळी मुलावर येऊ नये, याची काळजी संस्थेने वाहावी. प्रसन्नांनी ती किंमत स्वतः मोजली; प्रत्येक मुलाजवळ तेवढा निग्रह असतोच असे नाही.

पहिल्या फेरीत हरलेला एखादा महाविद्यालयीन संघ आज संध्याकाळी कोठेतरी पुन्हा सरावाला जमला असेल. त्यात निम्मे चेहरे नवे असतील. त्यांचे प्रशिक्षक, प्राचार्य आणि पालक त्यांना कितपत अवधी देतात, यावर त्या संघाची पुढची पाचदहा वर्षे अवलंबून राहतील.