लेबल, प्रतवारी आणि गप्प बसलेला तक्रारदार



आपल्यापैकी बरेच जण सकाळी ऑफिसात गेल्यावर जो बोर्ड पहिल्यांदा उघडतात, त्यावर 'नीड्स ट्रायाज' अशा अर्थाचं एखादं लेबल असतंच. पूर्वी ते बघायला एक माणूस बसलेला असायचा, बहुतेक वेळा पुण्यात किंवा हैदराबादेत, नाइट शिफ्टला. हल्ली बॉट असतो. शीर्षकातले शब्द आणि फॉर्ममधली उत्तरं बघून तो लेबलं लावतो, आणि आपण चहा घेऊन जागेवर येईपर्यंत रात्रभरच्या तक्रारी आपापल्या खणांत जाऊन पडलेल्या असतात. ह्या प्रकाराचा बराचसा इतिहास आपण राहतो त्याच देशात घडलाय, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी लेबल येतं, यंत्र मागाहून. हे पहिल्यांदा नीट दिसलं ते टपालात. १९५९ साली ब्रिटिश पोस्टाने नॉरिच शहरात पोस्टकोडचा प्रयोग सुरू केला. कल्पना अशी की ऑपरेटरने पाकीट बघून कोड टाइप करायचा, यंत्राने त्यावर फॉस्फरचे फिकट ठिपके उमटवायचे, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावरच्या यंत्राने फक्त ते ठिपके वाचायचे. अक्षर ओळखायचं डोकं माणसाचं, ते वापरायचं एकदाच. सगळ्या देशाला कोड मिळायला १९७४ उजाडलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. (मराठी माणूस! पण किती जणांना नाव माहीत असतं?) एकाच नावाची दहा गावं, पत्ते नाना लिपींत, त्यातून अक्षर दिव्य, ह्या सगळ्यावर सहा आकडे हा उतारा. मुंबईत टपाल छाटणारं स्वयंचलित यंत्र आलं १९९३ मध्ये. म्हणजे आधी एकवीस वर्षं ते लेबल माणसंच वाचत होती, आणि तरीही त्याचा उपयोग होत होता.

पण टपालात पाकिटं फक्त कुठे जायची ते ठरतं. कोण आधी आणि कोण नंतर, हा प्रश्न दवाखान्यातला. ट्रायाज हा फ्रेंच शब्द, अर्थ निवडणं, वेगळं काढणं. नेपोलियनचा सर्जन लारे जखमींचा हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचा, त्याच्या नावाशी हा शब्द जोडला जातो.

आता १९९४ साल बघा. त्या एका वर्षात इंग्लंडमध्ये दोन गोष्टी झाल्या, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

एक मँचेस्टरमध्ये. तिथल्या इमर्जन्सी विभागांतल्या डॉक्टर-नर्सेसनी एकत्र येऊन प्रतवारीची एकच पद्धत ठरवायला घेतली. पाच रंग: लाल म्हणजे लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. ए अँड ई मध्ये ताटकळत बसलेल्या प्रत्येकाने आपला रंग कोणता असेल ह्याचा अंदाज केलेला असतो. ह्यात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती प्रश्न विचारायची दिशा. नर्स वरून सुरुवात करते. श्वासनलिका मोकळी आहे का? शुद्ध आहे का? 'नाही, तसं काही नाही' असं खात्रीने म्हणता आलं तरच खालच्या रंगाकडे जायचं. खात्री नसेल तर पेशंट वरच्याच रंगात राहतो. आणि जो काहीच बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, तो सरळ वरच्या रंगांत.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरमधली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या इयन जॅक्सनने डेबियन ह्या लिनक्स वितरणासाठी बग नोंदवायची व्यवस्था लिहिली. वेबपेज बघण्यापुरतं, काम सगळं ईमेलवर. बग कळवायचा ईमेलने, आणि गंभीरता बदलायची, टॅग लावायचा तर कंट्रोलच्या पत्त्यावर एक ओळीची आज्ञा पाठवायची. कोणीही पाठवावी, पासवर्ड वगैरे नाही! गंभीरतेच्या आज सात पायऱ्या आहेत, 'क्रिटिकल' पासून 'विशलिस्ट' पर्यंत. वरच्या तीन, म्हणजे क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, ह्यांना नुसत्या शोभेच्या ठेवलं नाही. २००० साली डेबियनमध्ये 'टेस्टिंग' ही शाखा आली आणि नियम झाला की नव्या आवृत्तीत ह्या तीनपैकी एखादा नवा बग असेल तर पॅकेज तिथे शिरणार नाही. दार अडवतो तो एक प्रोग्रॅम. तो बग वाचत नाही, समजून घेत नाही, फक्त लेबल बघतो. म्हणून डेबियनवाले 'हे सीरियस की इम्पॉर्टंट' ह्यावर दिवसचे दिवस भांडतात, आणि ते भांडण योग्यच आहे. खरी प्रतवारी तिथेच होते.

इथवर लेबल थांबवायला वापरलं जात होतं. पुढे ते बंद करायला वापरलं जाऊ लागलं.

उबुंटूवाल्या कॅनॉनिकल ह्या लंडनच्या कंपनीने लाँचपॅड काढलं. त्यात 'ट्रायाज्ड' ही बगची एक अधिकृत अवस्थाच आहे. शिवाय 'इनकम्प्लीट', म्हणजे माहिती अपुरी. अशा बगला कोणी वाली नसेल आणि ६० दिवस कोणी काही लिहिलं नाही, तर तो आपोआप 'एक्स्पायर' होऊ शकतो. कुबरनेटिसच्या बॉटचा हिशोब असा: ९० दिवस हालचाल नाही तर 'स्टेल', आणखी ३० दिवसांनी 'रॉटन', आणखी ३० नंतर बंद. हजारो तक्रारी अंगावर येतात तेव्हा काहीतरी झाडू हवाच, हे मान्य. पण मँचेस्टरशी ताडून बघा. तिथे गप्प माणूस वरच्या रंगांत. इथे गप्प माणूस केराच्या टोपलीत.

आणि गप्प कोण बसतं? ज्याला इंग्रजीत 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस' लिहिता येत नाहीत, ज्याचा बग वर्षातून एकदाच येतो, किंवा ज्याला दिवसभर दुसरं काम असतं. नाइट शिफ्टवाला माणूस कंटाळलेला का असेना, नाव ओळखायचा. 'अरे, ह्या बाईंनी गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं' एवढं त्याच्या डोक्यात असायचं.

मी पूर्वी काम केलेल्या एका प्रोजेक्टवर अगदी हेच घडलं. पगाराचं सॉफ्टवेअर. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि एका गोदामातल्या क्लार्कबाईंच्या हिशोबात त्याच आठवड्यात काही पेनींचा फरक पडायचा. त्या लिहायच्या, बॉट 'अधिक माहिती द्या' म्हणायचा. फरक मे महिन्यात दाखवणार कुठून? तीस दिवसांनी तक्रार बंद. सलग तीन वर्षं तीन वेगळे नंबर, तिन्ही बंद, आणि महिन्याच्या अहवालात तिन्हींची नोंद 'निकाली' म्हणून. त्या फरकात माणसांचा पगार होता.

जुन्या बंद तक्रारी चाळताना एका टेस्टरला ते तीन नंबर शेजारी-शेजारी दिसले. मग टीमने बॉट काढला नाही, एक लेबल वाढवलं: 'एप्रिल'. ते असलेली तक्रार बॉट बंद करत नाही; मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उचलून बोर्डावर सगळ्यात वर आणून ठेवतो. लेबल लावायचं काम मात्र माणसाकडे आहे.