चाकाला छप्पर : अकोट परिसरातील चालण्याची साधने आणि त्यांची जागा

चाकाची खुर्ची, हाताने चालवायची तीनचाकी सायकल, बॅटरीवरची तीनचाकी, कुबड्या, वॉकर या वस्तूंना एकत्रितपणे चालण्याची साधने म्हटले, तर त्यांच्यासंबंधी प्रत्येक कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात : साधन भाड्याने आणावे की विकत घ्यावे, आणि ते ठेवावे कुठे. पहिल्या प्रश्नाची चर्चा किमतीच्या अंगाने होते, दुसऱ्याची बहुधा होतच नाही. परंतु अकोला जिल्ह्यातील अकोट या तालुक्याच्या गावाकडे आणि त्याच्या भोवतीच्या वऱ्हाडी खेड्यांकडे पाहिले, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरच पहिल्याचा निकाल लावत आले आहे असे दिसते. ज्या घराला आवार होते त्याने चाक विकत घेतले, ज्याला नव्हते त्याने ते भाड्याने आणले, आणि ज्याला चाक फुकट मिळाले पण त्यासाठी जागा मिळाली नाही त्याचे चाक उघड्यावर गंजले.

याचे मूळ जमिनीत आहे. वऱ्हाडातील गावाची विभागणी परंपरेने ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी केली जाते. काळी म्हणजे पिकाखालची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. कपाशीची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते, तिच्यातून वाट काढणाऱ्या पाण्याचा आणि चिखलाचा उपद्रव वस्तीपर्यंत पोचतो, म्हणून घर उंच जोत्यावर बांधण्याची, जोत्यापुढे बसाउठायला ओटा काढण्याची आणि ओट्याला दोन-तीन दगडी पायऱ्या लावण्याची रीत या भागात पक्की झाली. लाकडी कड्यांवर माती अंथरून केलेल्या सपाट छताच्या, म्हणजे धाब्याच्या, घरांत ही मांडणी स्पष्ट दिसते : रस्ता खाली, माणूस वर, आणि दोहोंमध्ये पायऱ्या. धडधाकट माणसाला या पायऱ्या जाणवत नाहीत, पण चाकावर बसलेल्या माणसाचे घर तेथेच, दाराच्या अलीकडे, संपते. त्यात आणखी एका गोष्टीची भर आहे. अकोट तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याचा, केळी-संत्र्यांचा आणि पानमळ्यांचा असला, तरी दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो, म्हणजे जेथे भूगर्भातील पाणी आणि जमीन दोन्ही क्षारयुक्त आहेत असा पट्टा. अशा ओलीत लोखंड लवकर खाल्ले जाते, हे तेथील शेतकऱ्याला आणि लोहाराला कोणी सांगावे लागत नाही.

बैलाच्या काळात मात्र चाकाची सोय घराच्या रचनेतच होती. मालाची ने-आण करणारी बंडी, माणसांना बसण्याची हलकी रेंगी आणि वर छत असलेली दमणी ही वऱ्हाडातील ओळखीची वाहने होत. म्हातारे, आजारी, बाळंतीण होऊन माहेराहून निघालेल्या स्त्रिया आणि पायाने अधू असलेली माणसे यांचा प्रवास रेंगी-दमणीतून होई, त्यामुळे चालता न येणाऱ्या माणसाचे पहिले खरे वाहन तेच मानावे लागते, जरी ते त्याच्यासाठी म्हणून कधी बनवले गेले नाही. ही वाहने गुरांच्या कोठ्यालगत, म्हणजे इतरत्र ज्याला गोठा म्हणतात त्याच्या छपराखाली, उभी राहत. यामागे केवळ हौस नव्हती. लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती लाकूड उन्हाने आकसले की सैल होते, आणि पावसात राहिलेले लाकूड कुजते. म्हणून चाकाला सावली देणे हा बैलाला चारा देण्याइतकाच रोजचा व्यवहार होता. ज्याच्याकडे बैल, त्याच्याकडे कोठा. ज्याच्याकडे कोठा, त्याच्याकडे दमणी. बाकीच्यांनी शेजाऱ्याची रेंगी मागावी किंवा भाड्याची बंडी ठरवावी. सातपुड्यातील मेळघाटच्या डोंगरात चाकाचा रस्ताच नसल्याने आजाऱ्याला झोळीत किंवा खाटेवर घालून खांद्यावरून खाली आणण्याची वेळ येई, आणि तेथे साधन ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण साधन म्हणजे माणसांचे खांदेच होते.

भाड्याने जागा घेऊन वस्तू ठेवण्याची पद्धत अकोटला परकी नव्हती, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि कापसाचा प्रदेश मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. कापूस वखारीत राहू लागला, अडत्याच्या आवारात गाड्या उभ्या राहू लागल्या, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांभोवती सरकीची आणि रुईची कोठारे झाली. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या बेरार कापूस व धान्य बाजार कायद्याने सबंध वऱ्हाडातील बाजारांना नियम लागले. पुढे १९५७ मध्ये महाराष्ट्राचे राज्य वखार महामंडळ अस्तित्वात आले. तेथे शेतकऱ्याने माल ठेवावा, ठरलेले भाडे द्यावे आणि वखारीच्या पावतीवर कर्जही काढावे अशी व्यवस्था झाली. सायकल आल्यावर बसस्थानकाजवळ आणि सिनेमागृहापाशी सायकल स्टँड उभे राहिले, जेथे काही पैसे देऊन बिल्ला घ्यायचा आणि संध्याकाळी बिल्ला परत करून सायकल सोडवायची. म्हणजे कापसाच्या गाठीला भाड्याची जागा होती, धान्याच्या पोत्याला होती, धडधाकट माणसाच्या सायकलीलाही होती. पायाने अधू माणसाच्या तीनचाकीचा विचार या सगळ्या मालिकेत कोणी केला नाही, आणि त्याची खंत कोणाही अभ्यासकाला वाटली पाहिजे.

साधने स्वतः मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून वेगाने आली. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले आणि १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ अपंग पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६८ मध्ये जयपूरला पंडित रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला पाय शेतकऱ्याला चिखलातून चालू देणारा आणि उकिडवे बसू देणारा होता. शिवाय तो अंगावरच राहत असल्याने घराकडे वेगळी जागा मागत नव्हता. चाक तशी जागा मागते. १९७२ मध्ये कानपूरला भारतीय कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ स्थापन झाले आणि तेथून हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने अपंगांना साधने घेण्यासाठी मदत देणारी योजना सुरू केली, जी ‘एडिप’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. त्या काळात या तीनचाकीवर बसणाऱ्यांत पोलिओने पाय गेलेल्या मुलांची आणि तरुणांची संख्या मोठी होती. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही नवा रुग्ण सापडला नाही, परंतु त्याआधीच्या पिढीला तीनचाकी आयुष्यभरासाठी लागली.

साधनवाटपाच्या शिबिरात तीनचाकी मिळाली की ती गावी येई आणि ओट्यापाशी थांबे. घराची पायरी ओलांडण्यासाठी उतार बांधावा, तर त्याचाही हिशेब आहे : चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेला उतार एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या प्रमाणात असतो, दोन फूट उंच जोत्याला त्यामुळे चोवीस फूट लांबीचा उतार लागतो, आणि गावठाणातील पुष्कळ घरांपुढे एवढी मोकळी जागाच नसते. खुर्ची आत वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे, दार ९० सेंटिमीटर रुंद हवे. या मापांपुढे जुने वाडे आणि नवी घरकुले दोन्ही हार मानतात. परिणाम असा की माणूस हातांवर सरकत किंवा कोणाच्या आधाराने आत जातो आणि वाहन बाहेर राहते. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टायर-ट्यूबचे रबर तडकते, बैठकीचे रेक्झिन फाटते. पावसाळ्यात साखळी व बेअरिंग गंजतात. एडिप योजनेच्या नियमांनुसार प्रौढ लाभार्थ्याला त्याच प्रकारचे साधन तीन वर्षांच्या आत पुन्हा मिळत नाही. बैलगाडीच्या चाकाला छप्पर देणारा गाव माणसाच्या चाकाला देऊ शकला नाही, याचे कारण गावाचे मन कोते होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोठा बैलाबरोबर आला होता आणि बैलाबरोबरच जाऊ लागला, तर तीनचाकी ज्या घरांत आली त्यांतल्या अनेकांकडे मुळात कोठा कधी नव्हताच.

ही उणीव अटळ नव्हती, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तेथे सरकार अपंगांना लहान तीनचाकी मोटारी वापरायला देई, त्या वाहनांची मालकी सरकारकडेच राही, आणि २००३ च्या मार्चअखेर ती रस्त्यावरून कायमची काढण्यात आली. १९७७ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याच्या परिशिष्टात वाहन देण्याच्या तरतुदीला लागूनच, ते वाहन ठेवता येईल असे बांधकाम पुरवण्याचा, त्यासाठी साहित्य देण्याचा आणि ते उभारण्याचे काम करण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. वाहन आणि त्याचा निवारा ही एकच गरज आहे, हे तेथे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. अलीकडे त्याच देशात गृहसंस्था चालता न येणाऱ्यांच्या बॅटरीवरच्या गाड्यांसाठी बाहेर कुलुपबंद शेड उभारतात व काही ठिकाणी ती भाड्याने देतात, कारण सामाईक जिन्यात किंवा मार्गिकेत ठेवलेली आणि चार्ज होणारी गाडी आगीच्या वेळी सर्वांची वाट अडवते.

महाराष्ट्रात भाड्याची परंपरा वेगळ्या वाटेने वाढली. गावोगावी चालणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे ही तिची सर्वांत उपयोगी शाखा होय. १९७२ च्या दुष्काळात स्थापन झालेली जनकल्याण समिती, तसेच रोटरी आणि लायन्ससारखी मंडळे व स्थानिक न्यास अशी केंद्रे चालवतात. अनामत रक्कम ठेवायची, नाममात्र भाडे द्यायचे, आणि चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची किंवा हवेची गादी काम होईपर्यंत घरी न्यायची. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला तीन महिने वॉकर लागतो, त्यानंतर तो घरात अडगळ होतो. अशा वेळी विकत घेण्यापेक्षा भाडे शहाणपणाचे असते, आणि त्याचे खरे कारण पैशापेक्षा हे आहे की वापर नसताना वस्तू सांभाळण्याचा भार केंद्र उचलते. भाडेकरू साधनाबरोबर त्याची कोठीही भाड्याने घेत असतो. ज्याचे अपंगत्व आयुष्यभराचे आहे त्याला मात्र ही व्यवस्था पुरत नाही. त्याच्या अंगाच्या मापाची, त्याच्या हाताच्या ताकदीला जुळलेली तीनचाकी परत करायची नसते, तिला रोज रात्री कुठेतरी उभे राहायचे असते.

ती उभी करण्यासाठी शेड बांधायचे म्हटले, तर घर स्वतःचे असावे लागते, आणि येथे कायदा आडवा येतो. विदर्भातील नगरांत घरभाड्याचा व्यवहार दीर्घकाळ १९४९ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशाखाली चालला. २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. या अधिनियमानुसार घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने पक्के बांधकाम केले, तर त्याला जागेतून काढता येते. मात्र लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, हवेसाठी खिडकी, वातानुकूलन यंत्र, धुराडे अशी काही कामे पक्के बांधकाम मानू नयेत, असे स्पष्टीकरण त्यात जोडलेले आहे. स्वयंपाकघरातील ओट्याची आठवण ठेवणाऱ्या या यादीत दारासमोरच्या उताराची किंवा तीनचाकीच्या शेडची नोंद नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचीही अडचण निराळ्या रूपात आहे : विदर्भातील गावांत पुष्कळ जागा नझुलाच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या व पट्ट्याने दिलेल्या, असतात, आणि रस्त्याकडे काढलेले टिनाचे चार पत्रे अतिक्रमण ठरू शकतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवले गेले. त्यात कुटुंबाची माणसे आणि चूल मावली की चाकासाठी भिंतीबाहेरचीच जागा उरते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीस केले, महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा दंडक घातला. वृद्धांसाठी २०१७ मध्ये केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आली आणि २०२४ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टी गाठलेल्या पात्र व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकवेळ ३,००० रुपये थेट खात्यात मिळू लागले. साधन विकत घेणे यामुळे पूर्वीपेक्षा सोपे झाले, आणि त्याच प्रमाणात ते ठेवण्याचा प्रश्न अवघड झाला. २०१४ मध्ये एडिप योजनेत तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी बॅटरीवरची तीनचाकी समाविष्ट झाली व तिच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. तिला केवळ छप्पर पुरत नाही, तर विजेचा प्लग, ओल न लागणारी कोरडी भुई आणि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून कुलूपही लागते. तरीही अकोटसारख्या गावात ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेवर, समाजमंदिराच्या भिंतीला टेकून, चार-सहा तीनचाकींसाठी प्लगसह टिनाचे सामाईक शेड उभारणे आणि महिन्याला अल्प भाडे घेऊन ते सांभाळणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. त्यासाठी लागणारे भाडेपावतीचे आणि रखवालदारीचे ज्ञान कापसाच्या वखारींनी आणि सायकल स्टँडनी या गावाला केव्हाच दिलेले आहे, आणि ५ टक्के निधीच्या आराखड्यात वाहनाबरोबर त्याच्या जागेची एक ओळ घालण्याचा ठराव खेड्याच्या ग्रामसभेत कोणीही गावकरी मांडू शकतो.