वॉटसन्स हॉटेल (एस्प्लनेड मॅन्शन)

मुंबईच्या फोर्ट भागात काळा घोडा येथे, महात्मा गांधी रस्त्यावर असलेली व्हिक्टोरियन काळातील पाच मजली इमारत. तळमजल्यावर दुकाने व उपाहारगृह आणि वर मुक्कामाच्या खोल्या, अशी तिची मूळ मांडणी. लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या भारतातील बहुमजली इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते. रचनाकार इंग्लिश अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश. वारसा यादीत श्रेणी २-अ.

गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड लिलावात निघाले. १८६४ मध्ये जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने त्यातील एक भूखंड घेतला. हॉटेलचा विचार नंतरचा. सुरुवातीला त्याला हवी होती कापडाची प्रशस्त पेढी आणि कचेरी. इमारतीचा स्वभाव याच गरजेतून घडलेला दिसतो. दुकानाला मोकळी जमीन आणि रुंद दर्शनी खिडक्या लागतात, तर जाड दगडी भिंती दोन्ही अडवून धरतात. लोखंडी खांबांनी हा प्रश्न सोडवला.

ऑर्डिश हा मुळात पूल आणि मोठी छपरे बांधणारा माणूस. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छपराच्या कामातही त्याचा हात होता. वॉटसनच्या इमारतीचे बिडाचे खांब डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले. सुटे भाग जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ पासून जागेवर जोडले गेले. उभा भार बिडाच्या खांबांवर आणि आडवा भार घडीव लोखंडाच्या तुळयांवर, अशी वाटणी आहे. बीड दाबाला चिवट असले तरी वाकवले की तडकते, म्हणून तुळयांना घडीव लोखंड. खांबांमधल्या विटांच्या भिंती केवळ भरीच्या. त्या काढल्या तरी सांगाडा उभाच राहतो. पुढे गगनचुंबी इमारतींनी हेच तत्त्व उचलले. सांगाड्याच्या इमारतींच्या इतिहासात नेहमी सांगितला जाणारा पॅरिसजवळचा मेनिए चॉकलेट कारखाना १८७२ चा, म्हणजे यानंतरचा.

विशेष म्हणजे ऑर्डिशने लोखंड झाकले नाही. उच्च न्यायालय आणि विद्यापीठ याच सुमारास कोरीव दगडाच्या गॉथिक थाटात उभे राहत होते. त्यांच्या शेजारी हा उघडा सांगाडा अनेकांना पिंजऱ्यासारखा वाटला असल्यास नवल नाही. नजर खिळते ती सज्ज्यांवर. मजल्यामागून मजला बाहेर झेपावणारे हे सज्जे खोल्यांना सावली देत, वारा खेळवत आणि बाहेरच्या बाहेर जाण्यायेण्याची वाटही होत. १८९६ मध्ये येथे उतरलेल्या मार्क ट्वेनने आपल्या प्रवासवर्णनात सज्ज्याच्या कठड्यावर येऊन बसणाऱ्या आगाऊ कावळ्यांची मनसोक्त थट्टा केली आहे. आतल्या भागात काचेच्या छताखाली मोठे दालन होते.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. तिकीट एक रुपया. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या चित्रांनी भारावले आणि पुढे स्वतः कॅमेरा मागवून चित्रण करू लागले. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधले, ही गोष्ट मात्र ऐकीवच समजावी. तिला भक्कम पुरावा नाही. १९०३ मध्ये ताज उघडल्यावर वॉटसनची सद्दी ओसरली, एवढे खरे.

हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे पडले. घरे, दुकानांचे गाळे आणि जवळच्या न्यायालयांमुळे वकिलांच्या कचेऱ्या येथे दाटीवाटीने थाटल्या गेल्या. भरीच्या भिंती हलवता येण्याची जी सोय ऑर्डिशने दिली, तीच अंगाशी आली: आडभिंती, पोटमाळे, बंदिस्त केलेले सज्जे. देखभाल मात्र कोणाचीच नाही. २००५ मध्ये सज्ज्याचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ साठीच्या जगातील शंभर धोक्यातील वास्तूंत हिचा समावेश केला.

२०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली. वारसा जतनाचे काम करणाऱ्या अभियंत्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत दिले. असा बचाव पूर्वी झालाही आहे: ऑर्डिशचाच लंडनमधील १८७३ चा अल्बर्ट पूलही डळमळू लागला होता; १९७३ मध्ये त्याच्या मध्यभागी काँक्रीटचे दोन आधार देऊन तो वाचवण्यात आला.