सीडीवर ठरलेला सर्व्हर

15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुले केले, पण मुंबई-ठाण्यातल्या नवशिक्याला लिनक्स या संगणक-प्रणालीच्या आवृत्त्यांतून निवड करायला फारसा वाव नव्हता. 28.8 किलोबिटच्या मोडेमवर 650 एमबीची सीडी उतरवायची तर फोन सलग 50 तास अडकला असता. त्यामुळे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत सीडीवर जे लिनक्स येई, तेच घरोघर बसे.

2004 मध्ये उबुंटू हे लिनक्स आले आणि कॅनॉनिकल कंपनी त्याच्या सीडी टपालाने फुकट घरपोच पाठवू लागली. ही सोय 2011 पर्यंत टिकली. त्याच काळात सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांनी मात्र रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्याच कोडवर उभे राहिलेले, मोफत सेंटओएस जवळ केले.

मग 8 डिसेंबर 2020 उजाडला. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंतचे आयुष्य सांगितले होते, ते 2021 अखेरच संपणार असल्याचे जाहीर झाले. असंख्य सर्व्हर दुसऱ्या लिनक्सवर हलवावे लागले.

आज ठाण्यातल्या बाळकुमच्या विद्यार्थ्यालाही ॲमेझॉनच्या 2016 पासून चालणाऱ्या मुंबई केंद्रात काही मिनिटांत सर्व्हर मिळतो. त्याने डेबियन किंवा पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारे उबुंटू एलटीएस घ्यावे. दोन्हींत ‘एपीटी’ या पॅकेज-साधनाची एकच आज्ञा एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर बसवते.